फॉर्म ९ अडकलाय, पंचायत म्हणते सर्व्हर डाऊन

जांबोटीकर
मंडळी, वडिलांच्या नावच्या घराचा ई-स्वत्तूमधला (कर्नाटकातली पंचायतीची ऑनलाइन मालमत्ता नोंद) फॉर्म ९ आणि ११ अ, म्हणजे घराचा उतारा, काढायला अर्ज दिलाय. बँकेला कर्जासाठी तोच पाहिजे. पावसाळ्याआधी दिला, आता दसरा आला. ऑपरेटर म्हणतोय सर्व्हर डाऊन. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांकडे दोन पंचायतींचा चार्ज, ते सापडतच नाहीत. दारात मात्र 'डिजिटल पंचायत' असा हा मोठा बोर्ड! अध्यक्षांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी फुलांचे फोटो. खानापूरला जाऊन ईओंनाच (तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी) भेटू का?

जुना बिल कलेक्टर
भावा, ईओंकडे मग जा. अर्जाची पोच घेतलास काय, ते सांग आधी.

मी घरपट्टीची पावतीबुकं काखेत मारून गल्लोगल्ली हिंडलेला माणूस. पुढं 'पंचतंत्र' हे पंचायतीचं सॉफ्टवेअर आलं, वसुली कॉम्प्युटरवर गेली, तेही बघितलंय. सर्व्हर खरंच पडतोय, नाही म्हणत नाही. पण बरेचदा अडतंय ते मोजणीच्या नकाशावर. गावठाणातल्या घरालाही सर्व्हेअरचा नकाशा लागतो, त्याचा अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याची स्थानिक कचेरी). तो आला नाही तर फाईल हलत नाही. हे तोंडाने सांगायला काय जातंय? पण सर्व्हरवर ढकललं की कुणी उलटून विचारत नाही.

नकाशा असेल तर राहिली पीडीओंची डिजिटल सही. ते आठवड्यातून कुठल्या वारी तुमच्या गावात बसतात, हे अध्यक्षांनी ग्रुपवर टाकायला पाहिजे. फुलांपेक्षा ते बरं.

आणि एक बघून ये. बिलं काढायला अध्यक्षांच्या डोंगलचीही (डिजिटल सहीची यूएसबी किल्ली) सही लागते. आमच्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या. बाई निवडून येते, खुर्चीत बसते, आणि डोंगल नवऱ्याच्या खिशात नाहीतर ऑपरेटरच्या खणात. मी डोळ्यांनी बघितलंय. पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला! तिथं कसला डिजिटल कारभार घेऊन बसलायस?

पोच नसेल तर 'सकाल'खाली, म्हणजे मुदतीत सेवा देण्याच्या हमीच्या कायद्याखाली, मागून घे, तिच्यावर जीएससी नंबर (अर्जाचा नंबर) असतो. २०११ चा आहे तो. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, तेही जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून. त्या पैशात चहा-भजी होईल फार तर, पण अपील पडलं की वरच्या साहेबाला उत्तर द्यावं लागतं. त्याला भितात.

सीमावासी
काका, सगळं कन्नडमध्ये. आमच्या आईला सही कशावर करतोय तेच कळत नाही. आधी मराठीत कागद द्या म्हणावं, डिजिटल मग बघू.

जुना बिल कलेक्टर
खरं आहे. १९८१ च्या स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषा कायद्यातली, भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळण्याची तरतूद दाखवून ग्रामसभेत लेखी मागणी द्या, प्रोसिडिंगमध्ये नोंद घ्यायला लावा. पण त्यासाठी ह्याचा फॉर्म ९ थांबवू नका.

ग्रामसभेला जाताना मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडून जा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठल्या कामाला गेला ते त्यात दिसतंय. गटार कागदावर झालंय की गल्लीत, तिथंच विचारा.

जांबोटीकर
काका, पोच नाही. नकाशाचं तर कुणी बोललंच नव्हतं. सोमवारी नाडकचेरीत जातो. वडिलांना बरोबर न्यावं लागेल काय?

जुना बिल कलेक्टर
ने. आधार आणि चालू घरपट्टीची पावती पण घे. थकबाकी असेल तर आधी भरून टाक, नाहीतर तेच निमित्त होईल.