आठवीनंतर मुले शाळेपासून का दुरावतात? सोलापूरच्या पूर्व भागातून एक प्रश्न

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, सोलापूर

मी शहराच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या आया घरी विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर किंवा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत कामाला जातात. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी, हे या मुलांच्या अंगवळणी पडलेले आहे. आठवीपर्यंत त्यांची हजेरी चांगली असते. नववीत मात्र दिवाळीची सुट्टी संपली की काही मुले येईनाशी होतात, आणि जी येतात त्यांतलीही काही थकलेली व अबोल असतात. आमच्या शिक्षकांत याची कारणे मोबाइल, संगत आणि पालकांचे दुर्लक्ष अशी सांगितली जातात. मला ती अपुरी वाटतात, कारण मोबाइल आणि संगत आठवीतही असतेच. मग नववीतच असे काय बदलते, आणि सरकारी निर्णयाची वाट न पाहता शाळेच्या हातात काय आहे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी

मॅडम, मुलांपेक्षा त्यांच्याभोवतीची व्यवस्था नववीत अधिक बदलते, असे माझे स्पष्ट मत आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मिळतात. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात १५० ग्रॅम तांदूळ आणि सुमारे ७०० उष्मांकांचे जेवण धरलेले असते. जूनमध्ये तेच मूल त्याच इमारतीत एक जिना चढून नववीच्या वर्गात बसते आणि त्याचे दुपारचे जेवण बंद होते. वाढीच्या वयात, जेव्हा भूक सर्वांत जास्त असते, तेव्हा हे घडते.

दुसरीकडे, बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे, पण १४ ते १८ वयातील मुलांना केवळ धोकादायक कामांचीच मनाई आहे. म्हणजे ज्या वयाला शिक्षणाची हमी संपते, त्याच वयाला कमाईचा दरवाजा कायद्याने किलकिला होतो. ज्या घरात दर आठवड्याच्या मजुरीवर किराणा भरला जातो, त्या घराला हे कलमानिशी ठाऊक नसले तरी व्यवहारातून नेमके कळते.

शुल्काचा प्रश्न त्या मानाने लहान आहे, कारण राज्यात मुलींना अनुदानित शाळांत बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. वह्या, गणवेश, शिकवणी आणि बुडालेली मजुरी हा खरा खर्च आहे. म्हणून आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेकडे शाळेने जीव ओतून पाहावे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या आणि अनुदानित, शासकीय किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी ही परीक्षा असते. निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. कागदपत्रे वेळेत जमली नाहीत की अर्ज राहून जातात. आईचे विडी कामगार ओळखपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते या दोन गोष्टी शाळेने जूनमध्येच तपासून घ्याव्यात.

प्रतिसाद २ : परिचारिका, सोलापूर

माझी आई विड्या वळत असे, त्यामुळे “पालकांचे दुर्लक्ष” हे शब्द वाचून राहवले नाही. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पाने भिजवणे, कातरणे, विड्या वळणे, तोंडे मुडपणे आणि बंडल बांधून माल पोहोचवणे, एवढे सगळे एका बाईच्या हातून दिवसात होणे कठीण असते. लहान बोटे तोंडे मुडपायला उपयोगी पडतात, म्हणून मुलगी शाळेतून आली की आईशेजारी बसते. चौदा-पंधरा वर्षांची झाली की ती स्वतः वळू लागते, आणि तिचे काम घराच्या हिशेबात धरले जाते. आईला मुलीचे शिक्षण नको असते असे मुळीच नाही. तिला मुलीने दहावी व्हावेसे मनापासून वाटते, पण माल कमी भरला तर त्या दिवसाची मजुरी तुटते, आणि ती भरून काढायला तिच्यापाशी दुसरे काहीही नसते.

आरोग्याविषयी थोडे लिहिते, कारण ते माझ्या कामाचे आहे. तंबाखूच्या धुळीत बसणे, रात्री उशिरापर्यंत जागरण आणि रिकाम्या पोटी शाळा, हे एकत्र आले की मूल वर्गात पेंगणारच. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी द्यायची असते, आणि ती जेवणानंतर घ्यायची असते. आठवीपर्यंत आहारामुळे ते जमते. नववीत उपाशी पोटी गोळी घेतलेल्या मुलीला मळमळते आणि पुढच्या आठवड्यात ती गोळी टाकून देते. गोळीचा वार ठरवून त्या दिवशी मधल्या सुट्टीत सर्वांनी मिळून डबा खाल्ल्यावर ती द्या. ज्यांच्याकडे डबा नाही, त्यांची सोय वर्गातच होते, कुणाला हात पसरावा लागत नाही.

प्रतिसाद ३ : शालेय समुपदेशक, पंढरपूर

वरील दोन्ही प्रतिसाद योग्यच आहेत, पण शाळेकडून होणारा एक अन्याय त्यांत आलेला नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून काही शाळा नववीतच कच्च्या मुलांना वेगळे काढतात. कुणाला नापास केले जाते, कुणाच्या पालकांना बोलावून “१७ नंबरचा फॉर्म भरा” असे सुचवले जाते. खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची ही सोय शाळा सुटलेल्यांसाठी आहे. शाळेत असलेल्या मुलाला बाहेर काढण्यासाठी ती वापरणे मला अत्यंत गैर वाटते. आपण शाळेच्या फलकावरील टक्केवारीला डाग आहोत, हे त्या मुलाला कुणी न सांगताही समजते. माझ्याकडे येणारी अनेक मुले अभ्यासाच्या ओझ्यापेक्षा या अपमानाने खचलेली असतात. तो अपमान घरी सांगता येत नाही, कारण घरी आधीच काळजी पुष्कळ असते.

मुलींच्या बाबतीत लग्नाचा प्रश्नही आहे. सलग गैरहजेरी दिसली की आठवडा जाऊ न देता घरी जावे. १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे, आणि खेड्यांत ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती असायला हवी. ती केवळ कागदावर असेल तर मुख्याध्यापकांकडे तिच्या बैठकीचा आग्रह धरा. मानसिक आधारासाठी १४४१६ ही विनामूल्य सेवा आहे, मात्र क्रमांक भिंतीवर चिकटवून काम संपत नाही. मूल आधी ओळखीच्या शिक्षकाशीच बोलते. त्यासाठी आठवीचा वर्गशिक्षक नववीतही कायम ठेवता आला तर पाहा. याला एक रुपयाही लागत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गशिक्षक कायम ठेवण्याची सूचना मी येत्या बैठकीत मांडणार आहे, आणि ओळखपत्रे व बँक खाती तपासण्याचे काम आठवीच्या दुसऱ्या सत्रातच सुरू करू. जेवणाचा प्रश्न मात्र डब्याच्या एका दिवसाने सुटणारा नाही. ज्या स्वयंपाकघरात आठवीपर्यंतच्या मुलांचा आहार शिजतो, तिथेच नववी-दहावीच्या मुलांसाठी पालक-शिक्षक संघाच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने वेगळा शिधा शिजवण्याची सोय कुणी केली आहे काय? केली असल्यास परवानगी कोणाकडून घेतली आणि हिशेब स्वतंत्र कसा ठेवला, हे कृपया लिहावे.