तीन दिवसांच्या रिट्रीटला जाऊ का? (बडोदा)

रानजाई:
सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीचं पुढच्या महिन्यात रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं निवासी शिबिर आहे, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, आणंदच्या पुढे. पाळकसाहेबांनी माझं नाव आधीच लिहून टाकलंय. गेल्या वर्षी पप्पा वारले आणि तेव्हापासून प्रार्थनेला बसते पण आतून काही येतच नाही, नुसते ओठ हलतात. क्वायरमध्ये गाते त्यामुळे कोणाला कळत पण नाही. दुसरं म्हणजे तिथे सगळं गुजराती-हिंदीत असणार. माझा जन्म बडोद्याचा, गुजराती मला काही अवघड नाही, पण घरची प्रार्थना कायम मराठीत, पप्पा ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायचे आणि आम्ही मागे, त्यामुळे देवाशी बोलायचं तर मला मराठीच सुचतं. फोन पण जमा करायचा म्हणे, मुलगी आठ वर्षांची आहे आणि सासूबाईंना शुगर. तिथे जाऊनही काहीच झालं नाही तर? याचीच जास्त भीती वाटते. कोणी गेलं असेल तर खरं सांगा.

इंदूरची_ताई:
रानजाई, मी इंदूरहून गेले होते, आई गेल्यावर. पहिल्या रात्री काहीच वाटलं नाही, शनिवारी दुपारपर्यंत पण नाही, आजूबाजूला बायका रडतायत आणि मी कोरडी, वाटलं माझ्यातच काहीतरी खोट आहे. मग संध्याकाळी भांडी घासताना शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, आई काय स्वयंपाक छान करायची गं? आणि मी अर्धा तास भरल्या वांग्यांबद्दल बोलत बसले. त्या रात्री एक वर्षानंतर पहिल्यांदा नीट प्रार्थना केली, दोनच वाक्यं. स्टेजवरच्या भाषणातलं मला आता एक अक्षर आठवत नाही. एक मात्र आधीच सांगते, साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, पुढे बोलावतील, नसेल द्यायची तर "आज नाही" म्हण आणि बसून राहा. मला एकांनी फार आग्रह केला होता आणि ते मला अजून खटकतं, दुःखाला असं घाई करून उभं करू नये.

चौथा_दिवस:
शुक्रवार-रविवारची ही पद्धत बऱ्याच ठिकाणी कुर्सिलोवरून आलीय. स्पेनच्या मायोर्का बेटावर १९४०च्या दशकात कॅथलिक तरुणांनी सुरू केलेला छोटा कोर्स, नंतर प्रोटेस्टंट मंडळ्यांनी पण तो आपापल्या पद्धतीने घेतला. त्यात तीन दिवसांनंतरच्या सगळ्या आयुष्याला चौथा दिवस म्हणतात, आणि दोन-चार जणांनी दर आठवड्याला भेटायचं हे मूळ आखणीतच आहे. आपल्याकडे लोक तेवढंच सोडून देतात, मग महिन्याभरात परत पहिल्यासारखं. म्हणून निघण्याआधीच दोन बायका ठरवून ठेवा, नंतर कोणी बोलवत नाही. फोनचं म्हणाल तर आयोजकांचा नंबर घरी लिहून ठेवा, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर चिकटवा, आणि अर्जंट असेल तर निरोप लगेच मिळेल ना हे आत्ताच विचारून घ्या. हो म्हणाले नाहीत तर जाऊ नका, माझं स्पष्ट मत.

फतेगंजकर_काका:
बेटा, लूकच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायातले, येशूला क्रूसावर दिल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर चाललेले ते दोघं शिष्य आठव. कोणी मोठी प्रार्थना करत नव्हते, चेहरे उतरलेले, जे घडलं त्याबद्दलच बोलत चालले होते. प्रभू सोबत चालतोय हे त्यांना ओळखूही आलं नाही, आणि तरी त्याने आधी विचारलं, कशाबद्दल बोलताय? सगळं त्यांच्या तोंडून ऐकून घेतलं. तेव्हा कोरडी आहेस म्हणून जायला लाजू नकोस. आणि भाषेचं म्हणशील तर टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी आपल्या अभंगांच्या वळणाने मराठीत गायली, कारण उसन्या चालीत मन मोकळं होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ग्रुपमध्ये गुजरातीत बोल, एकटी असशील तेव्हा पप्पांची भजनं म्हण. त्यांची वही असेल ना घरात? ती बॅगेत टाक.

रानजाई:
काका, वही आहे, कपाटात वरच्या खणात, वर्षभर हात लावला नव्हता. काल रात्री काढली, मुलीने विचारलं हे कोणाचं अक्षर, तिला एक भजन वाचून दाखवलं, मधेच आवाज गेला पण पूर्ण केलं. आयोजकांना फोन केला, निरोप लगेच देतील म्हणाले. नणंद दोन दिवस राहायला येतेय. फॉर्म भरला.