मदत हवी आहे: फेडरल कोर्टाचं ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलंय, काय अपेक्षा ठेवू?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

न्यूअर्कच्या यूएस डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलं आहे. सिटिझनशिपचा शपथविधी झाल्या झाल्या मतदार नोंदणी केली होती, त्या यादीतून नाव गेलं असावं. ओळखीतले लोक काउंटीच्या कोर्टात जाऊन आलेत, फेडरलचं कुणालाच माहीत नाही. समन्सची तारीख नेमकी भारतवारीच्या मधोमध येतेय आणि तिकिटं काढून झालीत. तारीख पुढे मिळते का? कंपनी पगार कापू शकते का? एकदा निवड झाली की किती दिवस अडकायला होतं? ऑफिसात एकाने सल्ला दिला, "पोलिसांवर विश्वास नाही म्हणून सांग, लगेच सोडतात." यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १

आधी हातातला कागद कोणता आहे ते नीट वाचा. फेडरल कोर्टाचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्यांदा येते ती पात्रता प्रश्नावली, ती १० दिवसांत भरून द्यायची असते. त्यातून पात्र ठरलेल्यांची वेगळी यादी होते, तिच्यातून पुन्हा यादृच्छिक निवड होते आणि मग समन्स निघतं. काही डिस्ट्रिक्ट (फेडरल कोर्टांचे विभाग) दोन्ही कागद एकाच पाकिटात घालतात, त्यामुळे लोक समन्स वाचतात आणि प्रश्नावली तशीच राहते.

दोन्ही कामं ई-ज्युरर या ऑनलाइन सोयीवर होतात. समन्सवर नऊ आकडी पार्टिसिपंट नंबर असतो, तो, आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि जन्मतारीख टाकून आत जायचं. आडनाव कागदावर छापलंय तसंच टाका. आपल्याकडे वडिलांचं नाव मधल्या नावात की आडनावात हा घोळ कायमचा, आणि लॉगिन अडतं ते बहुधा तिथेच. साइटचा पत्ता समन्सवरून बघून हाताने टाइप करा, सर्चमधून जाऊ नका.

तारखेचं म्हणाल तर 'माफी' आणि 'पुढची तारीख' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. प्रवासासाठी माफी मागू नका, डिफरल म्हणजे पुढची तारीख मागा. तिकिटाची प्रत जोडा, परत कधी येणार ते लिहा आणि त्यानंतरच्या ज्या तारखा तुम्हाला चालतील त्या स्वतःहून सुचवा. आधीच काढलेली तिकिटं असली की पहिलं डिफरल सहसा अवघड जात नाही, दुसऱ्यांदा मात्र कारण भक्कम लागतं. अर्ज टाकला म्हणजे मंजूर झाला असं धरू नका, कोर्टाचं उत्तर येईपर्यंत समन्स लागूच असतं. काही न कळवता गैरहजर राहिलात तर कोर्टात उभं करून जाब विचारतात. कायद्यात १,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद, समाजसेवा किंवा यातलं काहीही एकत्र, अशी तरतूद आहे.

प्रतिसाद २

पैशांबद्दल. फेडरल कोर्ट हजेरीचे दिवसाला ५० डॉलर देतं, तुमची निवड झाली नाही आणि दिवसभर नुसतं बसून आलात तरी. खटला लांबला तर १० दिवसांनंतर ६० पर्यंत मिळू शकतात. गाडीने गेल्यास मैलांप्रमाणे भाडं मिळतं आणि टोल पूर्ण भरून मिळतो, न्यूजर्सीत राहणाऱ्यांना हे महत्त्वाचं. पार्किंगचे पैसे कोर्टाच्या मर्जीवर असतात आणि पावतीशिवाय विषयच नाही, म्हणून पावती फेकू नका. घर इतकं लांब असेल की रात्री मुक्काम करावा लागेल, तर त्याचा भत्ता वेगळा. चेक नंतर टपालाने येतो, त्याच दिवशी हातात पडत नाही.

पगार द्यायलाच हवा असं फेडरल कायदा खासगी कंपनीला सांगत नाही. मात्र नोकरीवरून काढणं, धमकावणं, दबाव आणणं याला सक्त मनाई आहे, आणि प्रत्येक उल्लंघनाला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही ओव्हरटाइम न मिळणाऱ्या पगारी पदावर असाल तर आणखी एक नियम कामी येतो: ज्या आठवड्यात थोडंही काम केलंय, त्या आठवड्यात ज्यूरी ड्यूटीच्या दिवसांचा पगार कापता येत नाही, फक्त कोर्टाकडून मिळालेली फी वजा करता येते. हे एचआरला तोंडी सांगू नका, समन्सची प्रत जोडून ईमेल करा. परतताना ज्यूरी ऑफिसकडून हजेरीचं पत्र मागून घ्या.

प्रतिसाद ३

त्या दिवसाचं सांगतो. आदल्या संध्याकाळी समन्सवरच्या रेकॉर्ड केलेल्या फोनवर किंवा ई-ज्युररवर बघायचं, तुमच्या गटाला बोलावलंय की नाही. हे न बघता गेल्यामुळे हेलपाटा पडलेले लोक रोज दारात दिसतात: खटला आदल्या दिवशी तडजोडीने किंवा गुन्हा कबूल करून मिटलेला असतो. काही डिस्ट्रिक्टमध्ये तुम्ही ठरावीक मुदतभर 'ऑन कॉल' असता, म्हणजे रोज संध्याकाळी बघावं लागतं.

दारात विमानतळासारखी तपासणी असते. फोन आत नेऊ देतात की नाही हे प्रत्येक कोर्टाचं वेगळं. कुठे दारातच जमा करून घेतात, कुठे ज्यूरी रूमपर्यंत चालतो. नेलकटर, छोटी कात्री, स्विस नाइफ पर्समध्ये राहिलं तर गाडीपर्यंत परत जावं लागेल. वाचायला छापील पुस्तक आणि एक स्वेटर घ्या, थंडीत नव्हे, एसीसाठी. चप्पल, शॉर्ट्स नकोत.

मग ज्यूरी रूममध्ये हजेरी, माहितीचा व्हिडिओ आणि वाट बघणं. नाव पुकारलं की गटाने कोर्टरूममध्ये नेतात, शपथ देतात आणि व्हॉयर डायर, म्हणजे निवडीची प्रश्नोत्तरं, सुरू होतात. फेडरल कोर्टात बहुतेक प्रश्न जजच विचारतात: काय काम करता, घरात कोणी पोलिसात किंवा वकिलीत आहे का, दोन्ही पक्षांपैकी कुणाला ओळखता का, तुमच्यावर किंवा घरच्यांवर कधी गुन्हा घडलाय का. चारचौघांत सांगायचं नाही असं काही असेल तर सरळ "साइडबारला सांगू का?" विचारा. जज जवळ बोलावतात, दोन्ही बाजूंचे वकील आणि कोर्ट रिपोर्टर तिथेच येतात आणि छतातल्या स्पीकरमधून पाण्याच्या नळासारखी खरखर सुरू करतात, म्हणजे मागे बसलेल्यांना शब्द कळत नाही. उत्तरं मात्र तिथेही शपथेवरच असतात.

म्हणूनच ऑफिसातला तो सल्ला विसरा. पोलिसांवर विश्वास नाही म्हटलंत की जज लगेच सोडत नाहीत. पुढचा प्रश्न येतो, मग त्याच्या पुढचा: "साक्षीदार पोलिस आहे एवढ्यावरून त्याचं म्हणणं नाकाराल, की पुरावा ऐकून ठरवाल?" खरंच तसं मत असेल तर जरूर सांगा, ते ऐकण्यासाठीच ही प्रक्रिया आहे. बनाव केलात तर शपथेवर खोटं बोलल्याचं लचांड मागे लागतं. शिवाय एका खटल्यातून सुटलात तर दुसऱ्या कोर्टरूममध्ये पाठवू शकतात, आणि तिथे दिवाणी खटला चालू असला की पोलिसांचा बहुधा संबंध नसतो.

योग्य कारण दाखवून वकिलांना कितीही जणांना वगळायला सांगता येतं. त्याशिवाय कारण न देता वगळण्याचा ठरावीक कोटा असतो: गंभीर फौजदारी खटल्यात सरकारी वकिलांना ६ आणि बचाव पक्षाला १०, दिवाणीत दोन्हींना ३-३. फक्त वंशावरून वगळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात ठरवलं, लिंगाबाबत तेच पुढे १९९४ मध्ये. तेव्हा वगळलं म्हणून मनाला लावून घेऊ नका.

प्रतिसाद ४

धाग्यातच विचारते. सासूबाईंना प्रश्नावली आली आहे. वय ७२, सिटिझनशिपची परीक्षा वयाच्या सवलतीत मराठी दुभाषा घेऊन दिली होती, इंग्रजी बेताचंच. आणि दिराकडे ग्रीन कार्ड आहे, त्यालाही तोच कागद. दोन्ही टाकून दिले तर चालेल का?

प्रतिसाद १

@प्रतिसाद ४, टाकून अजिबात देऊ नका, दोन्ही भरून पाठवा.

सासूबाईंसाठी: फेडरल ज्युररला प्रश्नावली भरता येईल इतपत इंग्रजी लिहिता, वाचता, समजता आणि बोलता यायला हवं. ज्युररसाठी दुभाषा देत नाहीत. त्या प्रश्नाला खरं उत्तर "नाही" असेल तर तेच द्या आणि फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर कुणी आणि का भरला तेही लिहा, त्यासाठी जागा असते. ७० च्या वरच्यांना नुसत्या विनंतीवर माफी बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये मिळते, ते वेगळं. सुनेने झरझर सगळ्या रकान्यांत "हो" करून टाकलं, मग समन्स आलं आणि आजी कोर्टात गोंधळून उभ्या, असं होऊ देऊ नका.

दिरासाठी: ज्युरर अमेरिकन नागरिकच लागतो. "नागरिक आहात का?" ला "नाही" लिहून सही करा, प्रत ठेवा, विषय संपला. इथे चुकून जरी "हो" झालं तर प्रकरण कोर्टापुरतं राहत नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनच्या कायद्यात फार महागात पडतो आणि पुढे सिटिझनशिपच्या अर्जात तो वर येतो. आणखी एक तपासा: त्याचं नाव मतदार यादीतून तर आलेलं नाही? ड्रायव्हिंग लायसन्स करताना नकळत मतदार नोंदणीवर टिक झालेली असू शकते. तसं असेल तर स्वतः पत्रं लिहीत बसण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा.

धागाकर्ता

फार मदत झाली, आभार. माझ्या कागदावर 'पेटिट' लिहिलंय. ग्रँड ज्यूरी नाही ना ही? आणि दिवसांचं राहिलं.

प्रतिसाद ३

पेटिट म्हणजे खटल्याची ज्यूरी, तुमच्यासाठी बरंच आहे. ग्रँड ज्यूरीत १६ ते २३ जण असतात, खटला भरण्याइतका पुरावा आहे का एवढंच गुप्तपणे ठरवतात, त्याला १२ जणांची संमती लागते, आणि नेमणूक १८ महिन्यांपर्यंत चालते. रोज नसते, पण नोकरीवाल्याला ते वेळापत्रक जड जातं.

पेटिटमध्ये फौजदारी खटल्याला १२ ज्युरर आणि काही पर्यायी, दिवाणीत ६ ते १२. बरेच खटले काही दिवसांत उरकतात, आर्थिक घोटाळ्याचे किंवा अनेक आरोपींचे आठवडेच्या आठवडे चालतात. लांबणारा खटला असला तर जज निवडीच्या वेळीच अंदाज सांगतात. अडचण तेव्हाच मांडायची, शपथ घेऊन बसल्यावर नाही.

खटला चालू असताना सगळ्यात जास्त गोची होते ती फोनमुळे. आरोपीचं नाव गूगल करणं, घटनास्थळ नकाशावर बघणं, वैद्यकीय शब्दाचा अर्थ शोधणं, फॅमिली ग्रुपवर "आज भारी साक्ष झाली" टाकणं, यातल्या कशानेही खटला रद्द होऊ शकतो. बायकोला एवढंच सांगायचं की ज्यूरीवर आहे, कधी सुटेन माहीत नाही. नोट्स काढू दिल्या तर वही कोर्टातच राहते.

शेवटी सगळे ज्यूरी रूममध्ये जातात. निर्णय एकमताने लागतो. आपल्याकडच्या वाचकांच्या डोक्यात १९५९ चा नानावटी खटला असतो: मुंबईत ज्यूरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, जजने ते अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. इथे ८ विरुद्ध १ ला निकालच म्हणत नाहीत, आणि ज्यूरीने एकमताने निर्दोष म्हटलं तर जजला ते फिरवता येत नाही. अडलं तर प्रमुख ज्युररने जजला चिठ्ठी लिहायची, पण त्यात मतं किती विरुद्ध किती ते लिहायचं नाही. शिक्षा किती ही ज्यूरीची डोकेदुखी नाही, मृत्युदंडाचे खटले वगळता ती जज ठरवतात.

प्रतिसाद ५

एक राहिलंच. "तुम्ही ज्यूरी ड्यूटीला आला नाहीत, अटक वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा" असे फोन येतात. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही की सोशल सिक्युरिटी नंबर विचारत नाही. फोन ठेवा आणि समन्सवरच्या नंबरवर स्वतः लावून खात्री करा.

प्रतिसाद २

आणि ते ५० डॉलर करपात्र आहेत बरं का. टॅक्स भरताना शेड्यूल १ मध्ये ज्यूरी ड्यूटीच्या फीची स्वतंत्र ओळ आहे. कंपनीने पूर्ण पगार देऊन ती फी तुमच्याकडून घेतली असेल, तर त्याच शेड्यूलमध्ये पुढे ती वजा करायची ओळही आहे. मैलाचं भाडं आणि टोल यात धरू नका.