मदत हवी आहे: स्पीडचा विल्टशायर नकाशा, मागे कापड चिकटवलेलं. आवृत्ती कशी ठरवायची?

जॉन स्पीड या सतराव्या शतकातल्या इंग्रज नकाशाकाराच्या नकाशासंग्रहातला, इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्याचा, ताम्रपटावरून (कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून) छापलेला नकाशा आहे, सॅलिसबरीचा आराखडा आणि स्टोनहेंजच्या चित्रासह. प्रकाशक म्हणून सडबरी आणि हंबल ही नावं आहेत, त्यामुळे १६७६ ची बॅसेट-चिझवेल आवृत्ती बाद. पण १६११-१२ च्या पहिल्या आवृत्तीनंतरही ही नावं ताम्रपटावर बरीच वर्षं तशीच राहिली. वर्ष ठरवायचं तर नकाशाच्या मागे छापलेल्या मजकुराची खिळेजुळणीच (छपाईची अक्षरं आणि ओळी कशा लावल्या आहेत तेच) बघावी लागते, आणि नेमकी तीच बाजू कापडाखाली आहे.

लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) ठेवून फोटो काढले, ते आडवे उलटवून कॉन्ट्रास्ट वाढवला. मजकूर इंग्रजी आहे, म्हणजे १६१६ ची लॅटिन आवृत्तीही नाही. सुरुवातीचं नक्षीदार अक्षर ओळखू येतं. ओळी कुठे तुटतात ते मात्र समोरच्या बाजूच्या नकाशाच्या रेघांच्या गर्दीत वाचता येत नाही. कागदातला वॉटरमार्कही (उजेडात दिसणारी कागद बनवणाऱ्याची खूण) तिथेच हरवतो. छाप फिकट आहे, टेकड्यांच्या छायारेषा झिजल्यासारख्या वाटतात, पण शाई कमी लागली तरी असंच दिसतं, म्हणून त्यावर भिस्त नको.

पाण्याने कापड सोडवणं शक्य नाही. ओलसर कापूस टेकवला की सीमेवरचा लाल रंग लगेच सुटतो.

नुसत्या नक्षीदार अक्षरावरून १६२७ आणि १६३२ च्या प्रती वेगळ्या ओळखता येतात का? नसतील, तर मजकुराचा नेमका कोणता भाग वाचायचा प्रयत्न करू: पहिल्या ओळी, पानाचा आकडा, की तळाचा पुढच्या पानाचा शब्द?