मदत हवी आहे : छोट्या गावाला झोनिंगचा अधिकार येतो कुठून?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतला झोनिंगचा (कोणत्या जागेवर काय बांधायचं हे ठरवून देण्याचा) कायदा वाचतोय आणि एका जागी अडकलोय.

ओहायोतल्या युक्लिड या छोट्या गावाने १९२२ मध्ये कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने हे ठरवून टाकलं. अँबलर रिअल्टी कंपनीची तिथली ६८ एकर जमीन त्यात अडकली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२६ मध्ये गाव जिंकलं. आरोग्य, सुरक्षितता, लोकहित यांच्याशी संबंध असेल तर निर्बंध चालतात, असा एकूण सूर. (योग्य गोष्टही चुकीच्या जागी त्रासदायक ठरते, जसं डुक्कर खुराड्याऐवजी दिवाणखान्यात, हा न्या. सदरलँड यांचा भन्नाट दाखला त्यातलाच.) १९२८ च्या नेक्टो खटल्यात मात्र एका जमीनमालकाला दिलासा मिळाला.

इथवर ठीक. पण गावाला हा अधिकार उपजत नसतो, राज्याने द्यावा लागतो ना? मग ‘होम रूल’ (गावांना स्वतःची सनद करून आपला कारभार चालवण्याची मुभा) असलेल्या राज्यांत झोनिंगसाठी वेगळा कायदा लागतो, की गावाची सनद पुरते? आणि राज्याने घालून दिलेली जाहीर सूचना, सुनावणी गावाने टाळली, तर अख्खा नियमच रद्द होतो का?

वकील मंडळींनी एखाद-दुसरा वाचण्याजोगा निकाल सुचवला तरी पुष्कळ झालं.