संचालकांच्या कामाचं मूल्यमापन कसं केलंत? अनुभव लिहा

एका सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेच्या नियामक मंडळावर नुकतीच माझी नेमणूक झाली. पहिलंच काम आलं ते संचालकांच्या वार्षिक मूल्यमापनाचं. तीन पानी फॉर्म, 'नेतृत्व', 'निर्णयक्षमता', 'जनसंपर्क' असे रकाने आणि प्रत्येकासमोर दहापैकी गुण. संचालकांना मी आजवर तीन बैठकींत पाहिलंय, तेवढंच. एवढ्या ओळखीवर कुणाच्या वर्षभराच्या कामाला गुण द्यायला हात धजावत नाही. ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांचं मूल्यमापन झालंय, त्यांनी सविस्तर लिहा. नावं आणि संस्था नकोत.

---

ताई, मीही पाणीपुरवठ्याच्याच एका मंडळावर होतो. आमच्याकडून झालेली चूक सांगतो, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. नवे संचालक आले आणि वर्षभरात गळतीचा आकडा जवळपास दुप्पट झाला. आम्ही 'कार्यक्षमता' रकान्यात चार गुण दिले आणि मोकळे झालो. पुढे एकदा पंपघरात जाणं झालं. तिथल्या ऑपरेटरने एक जुना मीटर दाखवला. काचेआड गंज, काटा एकाच जागी अडकलेला. म्हणाला, "साहेब, हा कित्येक वर्षं बंद होता. रोजचा आकडा आम्ही अंदाजाने भरायचो. नव्या साहेबांनी सगळे मीटर बदलले." म्हणजे गळती वाढलीच नव्हती, ती पहिल्यांदा मोजली गेली होती. ज्या माणसाने खरं मोजलं त्यालाच आम्ही नापास केलं. तो अहवाल बदलता आला नाही, याची बोच अजून आहे. आकडा बिघडला की आधी विचारा, मोजण्याची पद्धत बदलली का?

---

मी दुसऱ्या बाजूची. सात वर्षं संचालक होते. पहिली तीन वर्षं अहवाल बंद पाकिटात यायचा, आत एकच शब्द, 'समाधानकारक'. काय चांगलं झालं, काय राहिलं, कुणी बोललं नाही. चौथ्या वर्षी नवे अध्यक्ष आले. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच समोर बसवून विचारलं, "यंदा कोणती तीन कामं झालीच पाहिजेत, आणि त्यासाठी मंडळाकडून तुम्हाला काय हवंय?" दोघांनी ते कागदावर घेतलं, सह्या केल्या. दर तीन महिन्यांनी तोच कागद पुढ्यात. एका वर्षी मला कमी गुण मिळाले, पण वाईट वाटलं नाही, कारण ते का मिळाले हे मला आधीच माहीत होतं. आणखी एक: भरतीला मंजुरी मंडळानेच अडवून ठेवली असेल, तर रिकाम्या जागांचा दोष संचालकाच्या माथी मारू नका.

---

तक्रार कक्षात काम केलंय. सात दिवसांत तक्रार निकाली काढायची, हे आमच्या संचालकांचं उद्दिष्ट होतं. सातवा दिवस आला की काम झालेलं नसलं तरी तक्रार बंद करायची आणि माणूस परत आला की नवा नंबर द्यायचा. एक आजोबा एकाच तुंबलेल्या गटारासाठी पाच पावत्या घेऊन आले होते. आमच्या तक्त्यात त्या पाच 'निकाली' तक्रारी होत्या. संचालकांना त्या वर्षी उत्कृष्ट शेरा मिळाला. मंडळातलं कुणी आमच्या खिडकीपाशी कधी आलंच नाही.

---

वरचा अनुभव वाचून २०१४ सालचं अमेरिकेतलं प्रकरण आठवलं. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४ दिवसांत भेटीची वेळ द्यायची, असं उद्दिष्ट होतं आणि अधिकाऱ्यांचे बोनसही त्याच्याशी जोडलेले होते. फीनिक्सच्या रुग्णालयात खरी प्रतीक्षायादी वेगळी ठेवली गेली. प्रकरण बाहेर आल्यावर खात्याचे मंत्री एरिक शिनसेकी यांना राजीनामा द्यावा लागला. मी अंतर्गत लेखापरीक्षक आहे. बक्षीस एकाच आकड्याला बांधलं की तो आकडा सुधारतो, काम सुधारेलच असं नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

फॉर्मच्या रकान्यांबद्दलही सांगतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की सैन्यातले वरिष्ठ हाताखालच्या अधिकाऱ्याला एका गुणात चांगलं म्हणाले की बाकी सगळ्या गुणांतही चांगलंच ठरवत. सभेत छान बोलणाऱ्या संचालकाला 'आर्थिक शिस्त' रकान्यातही नऊ गुण मिळतात, ते असेच. प्रत्येक गुणासमोर एक घडलेली गोष्ट लिहा. आठवत नसेल तर तो रकाना कोरा ठेवा.

---

एवढंच जोडते: वही ठेवा, दर महिन्याला दोन ओळी. आमच्याकडे शेवटच्या महिन्यात मुख्य जलवाहिनी फुटली आणि आधीचे अकरा महिने सगळे विसरले.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्म अजून कोराच आहे. अध्यक्षांना पत्र लिहून दोन आठवड्यांची मुदत मागितली आहे. सोमवारी तक्रार कक्षात बसणार आहे, बुधवारी पंपघर. संचालकांना फोन केला होता. म्हणाले, "मॅडम, या, मीटर मी स्वतः दाखवतो."