उइपिलला मराठीत काय म्हणावं?

मेघना: ग्वाटेमालातल्या माया बायकांच्या पेहरावावरचा लेख मराठीत करतेय. मी 'उइपिल' तसंच ठेवलं होतं, संपादकांनी 'भरतकाम केलेली चोळी' केलं. चोळी अंगाबरोबर बेततात, पुढे गाठ मारतात. उइपिलला मागावरून उतरलेल्या दोन-तीन पट्ट्या कडेला कड लावून जोडायच्या, डोकं जाईल एवढा गळा ठेवायचा, बाजू शिवायच्या. काय म्हणू?

अवधूत: झबलं! सैल, डोक्यातून घालायचं.

शुभदा: झबलं तान्ह्या बाळाचं. १९९२च्या नोबेल मानकरी रिगोबेर्ता मेन्चू जे घालून जगभर वावरतात, त्याला झबलं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

विनायक: मला 'भरतकाम' जास्त खटकतंय. त्यांच्या मागाचं एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसऱ्या टोकाचा पट्टा विणणारीच्या कमरेमागून. ती मागे रेलली की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ होतो. नक्षी तिथेच विणली जाते, रंगीत धागे बोटांनी ताण्यात घालत. पैठणीला कुणी भरतकाम म्हणेल का?

ऋता: पैठणीचा दाखला चुकतोय. तिथे मोराचा रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, हेच कापड. तो काढला तर भोक पडेल. उइपिलमध्ये नक्षीचा बाणा जादा, खालचं कापड अखंड. जामदानी म्हणा हवं तर. शिवाय सगळीकडे विणलेलीच नक्षी नसते. सान्तियागो आतित्लान गावच्या उइपिलवरचे पक्षी सुईनेच भरतात. मेक्सिकोतल्या युकातानात तर पांढऱ्या सुती कापडावर गळ्याभोवती आणि खालच्या घेराला भरतकामच.

विनायक: मग मेघनाताई, लेख कुठल्या गावाबद्दल आहे ते आधी सांगा.

अवधूत: उइपिल तरी कशाला? तो शब्द नाहुआत्ल भाषेतला, अझ्टेकांचा. किचे आणि काक्चिकेल या माया समाजांतल्या बायका 'पोत' म्हणतात. आपल्याकडेही कापडाला पोत असतो. मूळ एकच असणार!

ऋता: नाही हो. त्यांच्या 'पोत'मध्ये 'ओ'नंतर घसा क्षणभर बंद होतो, तो आवाज आपल्याकडे नाहीच. एका शब्दावरून भाषांचं नातं जुळत नाही. आणि आपला पोत म्हणजे वीण हाताला कशी लागते ते. लेखात 'तिने पोत घातला' छापलं तर वाचक अडखळणार.

शुभदा: घालायची पोत आपल्याकडे आहे की, गळ्यातली, काळ्या मण्यांची. ती स्त्रीलिंगी. आणि गोंधळातला देवीचा पोत?

अवधूत: तोही चिंध्या पिळूनच करतात. कापडाशी संबंध आलाच!

विनायक: आमच्याकडे पोत पाजळतात म्हणतात. 'पोत खेळवतात' असंही ऐकलंय, ते कुठल्या भागात म्हणतात?